थकव्याआडची रात्र : मल्टिपल स्क्लेरोसिस, निद्रानाश आणि वर्तनोपचार

भिलाईत रात्र अशी पूर्ण होतच नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून हे गाव पाळ्यांच्या घड्याळावर जगते. सेक्टरांतील क्वार्टर्समध्ये, विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांतही, नाईट करून आलेल्या माणसाच्या झोपेसाठी अख्खे घर हळू बोलते. त्याच्या झोपेला मान आहे. मात्र त्याच घरात मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएस झालेली एखादी स्त्री रात्री दोन वाजता जागी असेल, तर ते कुणाला कळत नाही. सकाळी ती थकलेली दिसते, आणि थकवा हा तिच्या आजाराचाच भाग असल्याचे सर्वांनी आधीच मान्य केलेले असते. ती स्वतःही.

ही मान्यता घातक आहे. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. आजार बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंत सुरू होतो आणि स्त्रियांत पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो. त्यातून येणारा थकवा खरा असतो, हे निर्विवाद. परंतु त्या थकव्याचा किती भाग मज्जासंस्थेच्या हानीचा आणि किती मोडक्या झोपेचा, हे वेगळे करून पाहिल्यावाचून ‘आजारच तसा आहे’ म्हणणे हे निदान नव्हे. मायलिनची झालेली हानी भरून काढणे आजही जवळपास अशक्य आहे. झोप सुधारणे मात्र शक्य असते.

एमएसमध्ये झोप मोडणाऱ्या गोष्टी अनेक. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, पायांचे स्नायू ताठरतात, पेटके येतात, चेतावेदना जळत राहतात. आजार उसळला की दिली जाणारी स्टेरॉइड्सही झोप उडवतात. वर भिलाईचा उन्हाळा. शरीराचे तापमान वाढले की एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. नवतप्यातल्या रात्री कुलरही गरम हवा फेकू लागतो, तेव्हा उथॉफ यांचे निरीक्षण या घरांत पुस्तकाबाहेर येते.

कारणे शारीरिक असली तरी निद्रानाश टिकतो तो पुष्कळदा सवयींमुळे. रात्र वाईट गेली म्हणून माणूस लवकर आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो, दुपारी दोन तास झोपतो. अंथरूण हळूहळू जागण्याची जागा बनते. या चक्रावरच निद्रानाशासाठीचा बोधनिक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी-आय, बोट ठेवतो. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये अंथरुणाचा संबंध पुन्हा केवळ झोपेशी जोडण्याचे तंत्र मांडले. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये अंथरुणातला वेळच मर्यादित करण्याचे. दुसऱ्या तंत्राचा हिशेब साधा आहे. नऊ तास पडून राहून सहा तास झोप लागत असेल, तर कार्यक्षमता सुमारे ६७ टक्के. मग अंथरुणात सहाच तास राहायचे, उदाहरणार्थ साडेअकरा ते साडेपाच. कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या वर गेली की पंधरा-पंधरा मिनिटे वाढवत न्यायची. जोडीला रोजची नोंदवही, आणि ‘आज झोप झाली नाही तर उद्या चालताच येणार नाही’ यासारख्या विचारांची शांत तपासणी. सारे सहा ते आठ बैठकांत.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार सुचवला, गोळी नंतर. तोल आणि स्मृती आधीच डळमळीत असलेल्या एमएस रुग्णाच्या बाबतीत हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण झोपेच्या गोळ्या नेमक्या या दोहोंवरच घाव घालू शकतात. एमएस रुग्णांतील पुरावा अजून लहान आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कॅन्सस विद्यापीठातील कॅथरीन सिएंगसुकोन यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली यादृच्छिक चाचणी प्राथमिक स्वरूपाची होती. तिच्यात निद्रानाशाची तीव्रता घटल्याचे दिसले. एवढ्यावरून जयघोष करू नये. पण थांबूनही राहू नये, कारण सर्वसाधारण निद्रानाशातील पुरावा भक्कम आहे आणि उपचाराला यंत्र लागत नाही.

पद्धत जशीच्या तशी उचलणे मात्र चूक ठरेल. ‘झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा’ हा नियम धडधाकट माणसासाठी. ज्याचे पाय ताठरतात त्याने अंधारात चालणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. त्याच्यासाठी पलंगाशेजारची खुर्ची पुरे. अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली आणू नये. दुपारची अर्ध्या तासाची, ठरलेल्या वेळची विश्रांती अशा रुग्णाला नाकारू नये. घोरणे, श्वास अडणे, अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य. मूत्राशयाचा त्रास आणि पेटके यांवर औषधोपचारही सोबत चालायलाच हवा. वर्तनोपचार त्यांची जागा घेत नाही.

प्रश्न उरतो तो हे करणार कोण याचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे, ही मोठीच गोष्ट. तथापि हातापायांतली शक्ती तपासता येते, रात्रीचे जागरण तपासणीच्या टेबलावर दिसत नाही. भिलाईला सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, शेजारच्या रायपुरात एम्स आहे. निद्राविशेषज्ञ मानसशास्त्रज्ञ मात्र देशभरातच मोजके. म्हणून हा उपचार तज्ज्ञाच्या खोलीतून बाहेर काढून प्रशिक्षित परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या हाती सोपवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. त्यातल्या बऱ्याच बैठका दूरध्वनीवर होऊ शकतात, आणि उष्म्यात प्रवास करणे ज्याला जड जाते त्याच्यासाठी तेच योग्य. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक आधीच बसलेले आहेत. झोपेची नोंदवही कशी भरावी आणि कशी वाचावी हे त्यांना शिकवणे फार खर्चाचे काम नाही. नोंदवही हिंदी, छत्तीसगढी आणि मराठीत असावी. तिच्यात घरातल्या पाळीसाठीही एक रकाना हवा, कारण पहाटे सहाच्या पाळीला नवऱ्याचा डबा भरून देणाऱ्या बाईची उठण्याची वेळ तिच्या एकटीच्या हाती नसते.