पिंप उपडं करण्याआधी



पावसाळा लागला की आमच्या उपनगरातल्या वस्त्यांमधून बॅटरी घेतलेली माणसं फिरू लागतात. पिंपात, बादलीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये उजेड टाकायचा आणि अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्यायचं, हे त्यांचं काम. ते गरजेचं आहे, यावर माझा वाद नाही. पण गेल्या जुलैत मी गटाच्या बैठकीला गेले होते, तेव्हा एका ताईंचं भरलेलं पिंप माझ्यासमोर गटारात उपडं झालं. वर ऐकवलं, "घर स्वच्छ ठेवता येत नाही का?" ताई काही बोलल्या नाहीत. ते पाणी त्यांनी रात्री अडीचला उठून भरलं होतं. तिथे नळ दिवसाआड येतो, तोही तासभर.

समाजकार्याची पदवी घेताना लोकांच्या सवयी कशा बदलाव्यात, यावर आम्ही पुष्कळ लिहिलं. पिंप भरणं ही सवय नाही, हे मला वस्तीत आल्यावर कळलं.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शहरी हिवतापाचा ॲनॉफिलिस स्टीफेन्सीही टाक्या आणि विहिरींमधलाच. म्हणजे नळ बेभरवशाचा असला की डासाची सोय आपोआप होते. मुंबईतल्या हिवतापाबद्दल डॉ. चार्ल्स बेंटली यांनी 1911 साली अहवाल दिला, तेव्हाही बोट विहिरी आणि टाक्यांकडेच होतं. विहिरी बंद करा म्हणताना निदान शहरात नळाचं पाणी आलेलं होतं. आज 'पाणी साठवू नका' म्हणणाऱ्या फलकावर नळाची वेळ नसते. असते ती पिंपावर झाकण ठेवणारी, साडी नेसलेली बाई. शेजारच्या अर्धवट इमारतीच्या तळघरातलं तळं आणि गच्चीवरची झाकण तुटलेली टाकी त्या चित्रात कधी येत नाही. धुराची गाडी येते, पोरं मागे धावतात, सगळ्यांना वाटतं काम झालं. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत.

नळ सुधारेपर्यंत ताप थांबणार नाही, म्हणून गटात आम्ही काही गोष्टी ठरवल्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचंच. पण पाणी फेकायचं नाही. जुन्या सुती साडीच्या चार पदरी घडीतून गाळून ते भांड्यांना, कपड्यांना वापरायचं. आणि पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही. एडिसची अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून काथ्याने कडा घासायच्या. पिंपाच्या तोंडाला कापड ताणून बांधायचं. हे घासायचं काम रविवारी घरातल्या पुरुषांनी करावं, असाही ठराव केला. त्यावर बैठकीत बराच हशा पिकला. सहा घरांत मात्र तो अमलात आला आहे.

मच्छरदाणीचीही गोष्ट अशीच. घरात एक असेल तर ती कमावत्याच्या डोक्यावर. गर्भारपणात हिवताप झाला तर रक्त कमी होतं, गर्भपात होऊ शकतो, मूल कमी वजनाचं जन्मतं. तेव्हा दाणीखाली आधी गरोदर बाई आणि लहान मुलं. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. म्हणजे आपण मोरीशी, नळाशी असतो तेव्हाच. पूर्ण बाह्यांचं झंपर घालावं, दुपारी झोपणाऱ्या बाळावर दाणी टाकावी. बंद खोलीत डासांची कॉइल जाळून त्या धुरात झोपू नये.

एका गोष्टीबद्दल आपण फार गप्प असतो. डेंग्यूच्या तापात पाळी आली तर नेहमीपेक्षा खूप जास्त रक्त जाऊ शकतं. बायका ते 'पाळीचंच' म्हणून अंगावर काढतात. ताप असताना अंगावरून जास्त जात असेल तर लाज न बाळगता लगेच दवाखाना गाठायचा. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तरीही तसंच. धोका ताप उतरतानाच वाढतो. डेंग्यूची शंका असेल तर पाळीच्या दुखण्यावर एरवी घेतो त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, अ‍ॅस्पिरिनही नको. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामोल, तेही विचारून.

नळाची वेळ ठरवून द्यावी, रात्री नव्हे तर दिवसा पाणी सोडावं आणि तपासणी बांधकामांपासून सुरू करावी, असा अर्ज एक्केचाळीस बायकांच्या सह्यांनी दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. तुमच्या वस्तीत नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो आणि पाणी भरायला कोण उठतं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अर्जाला जोडायचं आहे.