छायाचित्राचे ऋण

गतवर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी काढलेल्या छायाचित्रांचे एक लहानसे प्रदर्शन भरले होते. विषय होता ‘श्रमजीवी’. पहिले पारितोषिक एका मासळी विकणाऱ्या वृद्धेच्या छायाचित्राला मिळाले. सुरकुतलेला चेहरा, समोर रिकामी होत आलेली पाटी आणि दूर कोठेतरी लागलेली नजर. परीक्षकांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. आम्हीही टाळ्या वाजविल्या. तिसऱ्या दिवशी ती वृद्धा स्वतःच शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिला कोणीतरी ही वार्ता सांगितली होती. आम्ही तिला आत नेले. बराच वेळ ती चित्राकडे पाहत राहिली आणि मग आमच्याच मातृभाषेत, कोणताही राग न दाखविता म्हणाली, “फोटो म्हजो, पूण म्हाका तो कोणेंच दाखोवंक ना.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. छायाचित्र काढणाऱ्या मुलाला तिचे नावसुद्धा ठाऊक नव्हते आणि ते त्याला विचारावे हे आम्हां शिक्षकांनाही सुचले नव्हते.

यंदा पालकांच्या सभेत एक सूचना आली, की समाजस्थितीचे दर्शन घडविणारी छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेने दरवर्षी काही अनुदान द्यावे. त्यावर दोन आक्षेप निघाले. गरजू मुलांची पुस्तके आणि गणवेश यांना पैसा अपुरा पडत असता ही चैन कशाला, हा पहिला. आता घरोघरी मोबाइल आहे, मग अनुदान हवे कशाला, हा दुसरा. दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. तथापि आमचे मत असे, की अनुदान अवश्य द्यावे. मात्र ते कशासाठी द्यावयाचे, हे आधी नीट ठरवावे.

अशी अनुदाने जगात नवीन नाहीत. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात वृत्तछायाचित्रणाचा अभ्यास करणारी अलेक्सिया त्सैरिस ही तरुणी २१ डिसेंबर १९८८ रोजी लंडनहून मायदेशी परतत होती. स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर तिचे विमान बॉम्बस्फोटाने कोसळले. एकूण २७० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत तिच्याच विद्यापीठातर्फे परदेशी शिकावयास गेलेले ३५ विद्यार्थी होते. तिच्या मातापित्यांनी १९९१ मध्ये तिच्या नावे निधी उभारला आणि त्यातून विद्यार्थ्यांना व व्यावसायिकांना सामाजिक विषयांवरील छायाचित्रणासाठी अनुदाने मिळू लागली. द्वेषाने मुलगी हिरावून नेली असता त्या दांपत्याने माणसांनी माणसांना ओळखावे यासाठी धन वेचले. ही चैन म्हणता येईल काय?

आता दुसरा आक्षेप. मोबाइल हाती आहे हे खरे. परंतु मोबाइल छायाचित्र देतो, वेळ देत नाही. अनुदानाने विकत घ्यावयाचा तो वेळच. १९७१ साली यूजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन जपानमधील मिनामाता येथे गेली. तेथील कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासळी विषारी झाली होती आणि ती खाणाऱ्या कोळी कुटुंबांत अपंग मुले जन्मास येत होती. ती दोघे त्या लोकांतच सुमारे तीन वर्षे राहिली. तोमोको या पीडित मुलीला तिची आई स्नान घालीत असल्याचे त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. तोमोको १९७७ मध्ये वारली. पुढे तिच्या मातापित्यांना त्या चित्राचा सतत होणारा प्रसार नकोसा झाला, तेव्हा १९९८ मध्ये आयलीनने त्यांच्या इच्छेला मान देऊन ते नव्याने प्रसिद्ध होऊ न देण्याचे ठरविले. जगाने गौरविलेले चित्रदेखील ज्याचे त्याला परत करता येते, हे तिने दाखवून दिले.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील मजुरांच्या तळावर एका मातेची छायाचित्रे जेमतेम दहा मिनिटांत टिपली. मंदीच्या काळाचे प्रतीक म्हणून त्यांतील एक अजरामर झाले. ते वृत्तपत्रात येताच तळावर धान्यही पोहोचले. परंतु तोपर्यंत ते कुटुंब तेथून निघून गेले होते. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स टॉम्प्सन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये. आणि त्या चित्रापायी आपल्या पदरी काहीच पडले नाही, ही खंत त्या वृद्ध स्त्रीने तेव्हा बोलून दाखविली. लँग यांची करुणा खोटी नव्हती. तरीही ऋण राहून गेले. आमच्या मासळीवालीचे वाक्य आणि फ्लॉरेन्सची खंत यांत अंतर ते किती?

सबब आमच्या मते शाळेने अनुदानास चार अटी घालाव्यात. पैसा कॅमेऱ्यासाठी नसावा. बसभाडे, फेरीबोट आणि छायाचित्रांच्या प्रती यांसाठी असावा. विषय एकच असावा आणि त्यासाठी विद्यार्थ्याने वर्षभर वारंवार जावे. ज्याचे चित्र काढावयाचे त्याचे नाव, संमती आणि म्हणणे आधी घ्यावे. त्याने नंतर नको म्हटले, तर चित्र बाजूस ठेवावे. आणि पहिली प्रत प्रदर्शनात नव्हे, तर त्याच्या घरी जावी.

विषयांची आपल्या गोव्यात वाण नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा खाणपट्ट्यातील ट्रकवाल्यांच्या घरांचे काय झाले? खाजन शेतांचे बांध कोण राखतो, रापण ओढावयास आता किती हात उरले आहेत, भल्या पहाटे भट्टी पेटविणाऱ्या पदेराची मुले त्याच धंद्यात राहणार काय? या प्रश्नांची उत्तरे एका दुपारी मिळत नाहीत.

पुस्तके व गणवेश आधी, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. त्या निधीतील एक पैही इकडे वळवू नये. परंतु माजी विद्यार्थी स्वेच्छेने वेगळे देत असतील, तर ते नाकारू नये. कारण दुसऱ्याच्या दारी पुन्हा पुन्हा जाण्याचे शिक्षण आमच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

विद्यार्थी मित्रहो, त्या वृद्धेला चित्राची प्रत आम्ही नेऊन दिली. ती घेताना तिने तुमच्या त्या सोबत्याला त्याचे नाव विचारले. मगच त्याने तिचे विचारले. हा क्रम उलटा व्हावयास हवा होता, एवढेच आमचे म्हणणे आहे.