पाटाचें पाणी आणि काळी आई

पाटाचें पाणी म्हणजे निव्वळ वरदान, ही आमच्या सुशिक्षितांची समजूत कोपरगांवीं खोटी ठरली आहे. १९१६ मध्यें दारणा धरण पुरें झालें. गोदावरीच्या कालव्यांनीं दुष्काळी माळावर ऊंस उभा केला. हें वैभव आम्ही नाकारीत नाहीं. परंतु काळ्या भारी जमिनींतून पाणी सहजासहजीं निचरत नाहीं. उसाला वारेमाप पाणी दिलें कीं भूजल वर चढतें, क्षार पृष्ठभागीं येतात आणि मळा चोपण होतो. कारखाना साखरेचीं पोतीं मोजतो. बुडालेली जमीन कोणीं मोजावी? आडसाली ऊंस दीड वर्षांत तुटतो, चोपण जमीन मात्र नातवंडांच्या वाट्यास येते. हा नशिबाचा दोष म्हणणारांस आमचा सवाल आहे: निचऱ्याचे चर खणण्याआधीं पाटाचें दार उघडलें कोणीं? मोजून पाणी देण्याचीही ज्याची तयारी नाहीं, त्यानें काळीला आई म्हणूं नये.