बोक्याची ‘उन्हाळी’

वैशाखांत जळगांव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत गेला म्हणजे माणसांस उन्हाळी लागते, हें खानदेशांतील गृहिणीस सांगावयास नको. धने-जिऱ्याचें पाणी, वाळ्याचें सरबत, एवढ्यानें ती बहुधा शमते. घरांतील बोका वारंवार कोपऱ्यांत जाऊन बसूं लागला कीं त्यालाहि तीच लागली असें समजून तोच उपचार सुरू होतो. ह्या समजुतीपायीं बोके दगावतात, म्हणूनच हा विषय आम्ही ह्या महिन्यांत घेतला आहे.

बोका राखेंत किंवा वाळूंत पुन्हां पुन्हां बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग सारखा चाटतो. पण लघवी होत नाहीं, किंवा रक्ताचे दोन थेंब पडतात. कुंथण्यावरून मंडळी बद्धकोष्ठाचा तर्क करतात व एरंडेल पाजतात! वास्तविक बोक्याचा मूत्रमार्ग टोंकाकडे फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकून तो बंद होतो. (भाटीचा मार्ग आंखूड व रुंद, म्हणून तिला हें संकट क्वचित्.) मग मूत्राबरोबर बाहेर जावयाचीं द्रव्यें रक्तांत सांचतात, त्यांतील पोटॅशियम हृदयास बाधतें, आणि दोन-तीन दिवसांत, कधीं त्याहिपूर्वीं, प्राण जातो. ओकारी व सुस्ती आली म्हणजे वेळ फार थोडा उरला असें समजावें. पोट दाबून पाहूं नये. तुंबलेलें मूत्राशय फुटण्याची भीति असते. घरच्या डब्यांतील पॅरासिटामॉलची गोळी तर मुळींच देऊं नये. मांजरास ती विषच आहे.

बैलाचें मूत्र कोंडलें तर आपल्याकडील शेतकरी तिफण सोडून गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो. बोक्यासाठीं तितकी धांवपळ करण्यास वडील मंडळींस संकोच वाटतो, हें आम्ही जाणतों. त्यांत आणखी अडचण अशी, कीं जिल्ह्यांतील पशुवैद्यांचा हात मुख्यतः गाईम्हशींवर बसलेला. मांजरास भूल देऊन बारीक नळी घालणें प्रत्येकाच्या नित्याचें नसतें. मुंबईकरांस परळचें, १८८३ सालीं स्थापन झालेलें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जवळ आहे. आपल्याला तें सुमारें ४०० किलोमीटर दूर. यास्तव हें काम जळगांवांत किंवा धुळ्यांत कोण करतो, हें बोका धडधाकट असतांनाच विचारून ठेवावें. दोहोंमधील अंतर १०० किलोमीटरांच्या आंतच असल्यामुळें एकीकडे सोय न झाल्यास त्याच दिवशीं दुसरीकडे पोंचतां येतें.

आतां आहाराविषयीं. मांजराचे पूर्वज रखरखीत प्रदेशांतले. तहान कमी, मूत्र दाट, आणि पाणी बहुतेक शिकारींतूनच मिळावयाचें. उंदराच्या शरीरांत सुमारें दोन-तृतीयांश पाणी असतें, दुकानांतील कोरड्या दाण्यांत शेंकडा १० च्या आसपास. दूधपोळीवर वाढलेल्या मांजराचें आपल्या घरांतून मोठें कौतुक! ‘आमचें मांजर अगदीं शाकाहारी’ असें सांगणारे आजोबा त्याला शेजारच्या गोदामांत पाहत नाहींत, इतकेंच. परंतु धान्याच्या आहारानें मूत्राची आम्लता घटते व एका जातीचे खडे त्यांत सहज बनतात. मांजर पाळावयाचें तर त्याचा धर्म त्याला पाळूं द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. सोंवळ्याची अडचण असेल तेथें ओल्या तयार अन्नाचें पाकीट परसांतल्या पडवींत, निराळ्या ताटलींत उघडावें व त्यांत चमचा-दोन चमचे पाणी कालवावें. पाण्याचे परळ सावलींत दोन-तीन ठिकाणीं ठेवावे.

तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचितच असतो. लग्नसराईंतील पाहुण्यांच्या गर्दीच्या धसक्यानेंहि मूत्राशय सुजतें. म्हणून उरलेलीं प्रतिजैविकें परस्पर देऊं नयेत, व माजघराचा एक शांत कोपरा त्याला मोकळा ठेवावा.

मार्ग मोकळा होऊन बोका घरीं आला तरी पहिल्या कांहीं आठवड्यांत तो पुन्हां अडण्याचा संभव असतो. लघवी किती वेळां झाली हें रोज पाहावें लागतें. एकत्र कुटुंबांत ‘कोणीतरी पाहिलेंच असेल’ असें प्रत्येकास वाटतें; तेव्हां हें काम नांव घेऊन एकाकडेच सोंपवावें. सुटींतलीं मुलें तें चोख करतात.