आमच्या खुर्चीवर कोण बसलं होतं?

प्रति,
मा. ना. श्री. चंद्रशेखर बावनकुळे,
पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, अमरावती

विषय : नांदगाव खंडेश्वरच्या विकासाचा क्रम ठरवण्याबाबत. खरं म्हणजे, तो आम्हाला न विचारता ठरवला जाण्याबाबत.

संदर्भ : यापूर्वीचे तीन अर्ज. लेखी उत्तर एकाचंही नाही, म्हणून जावक क्रमांक देता येत नाही.

महोदय,

आधी पत्ता नीट वाचावा. हे पत्र नांदगाव पेठचं नाही, नांदगाव खंडेश्वरचं आहे. ही गफलत नेहमीची आहे. पेपरात ‘नांदगावात हजारो हातांना काम’ असं छापून आलं की बाहेरगावचे सोयरे फोन करून आमचं अभिनंदन करतात. मग आम्ही समजावतो, बाप्पा, ते पेठ. एमआयडीसी तिथे. १,३५० मेगावॅटचा वीज प्रकल्प तिथे. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी वर्ध्यातून ज्याची कोनशिला बसवली, तो हजार एकरांचा पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कही तिथेच. त्यांच्या नावात पेठ आहे, आमच्या नावात देव. वाटणीही अगदी नावाप्रमाणे झाली.

आमचा कुणाशी दावा नाही. पेठला मिळालं ते मिळावंच. पण आमचा जिल्हा अमरावती, विधानसभा धामणगाव रेल्वे आणि लोकसभा वर्धा. गावाला रेल्वे नाही, फक्त मतदारसंघाच्या नावात आहे. अशा गावानं आपलं गाऱ्हाणं नेमकं कोणत्या दिशेला तोंड करून सांगायचं, हे तरी एकदा ठरवून द्या.

मी या गावात अडतीस वर्षं किराणा दुकान चालवतो. माझ्याकडे आर्थिक पाहणी अहवाल नाही, उधारीची वही आहे. जून उघडला की वहीत नावं वाढतात, कारण बियाणं आणि खत रोखीनं घ्यावं लागतं, मग तेल-साखर उधारीवर येते. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकलं की काही नावांवर काट पडते. कापूस घरातून गेला की आणखी काही. जी उरतात ती नव्या वहीत उतरवायची. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास बोली लागत होती. मधला तेराशेच्या आसपासचा फरक सरकारच्या कोणत्या कागदात दिसतो ते मला ठाऊक नाही. माझ्या वहीत तो दिसतो.

वहीतली आणखी एक गोष्ट सांगतो. पूर्वी पानावर कास्तकाराचं नाव असे, बस. आता नावापुढे कंस करून पोराचं नाव लिहावं लागतं, कारण सामान न्यायला पोरगा येतो. बी.ए. झालेला, आयटीआय झालेला, पोलीस भरतीत दोनदा पळून आलेला. असे कंस दरवर्षी वाढतात. मग एखाद्या वर्षी एक कंस गळतो. चौकशी केली तर कळतं, पोरगा बडनेऱ्याहून पुण्याची गाडी पकडून गेला. साहेब, आमच्या गावाचा रोजगार आराखडा एवढाच आहे.

आता मूळ दुखण्यावर येतो.

राज्यघटनेचं कलम २४३ झेडडी मी आपल्याला शिकवावं, असं नाही. जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा जिल्हा नियोजन समितीनं करायचा. त्या समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि शहरांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे. दहात आठ. म्हणजे घटनेनं पालकमंत्र्यांना अध्यक्षाची खुर्ची नाकारली नाही, पण समोरच्या दहातल्या आठ खुर्च्या आमच्यासाठी राखून ठेवल्या.

त्या खुर्च्यांचं काय झालं ते मोजू. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. अमरावती महापालिकेची त्याच महिन्यात. जिल्ह्यातल्या १० नगरपरिषदा आणि नांदगाव खंडेश्वर, धारणी या २ नगरपंचायतींवर त्याच्या आधीच प्रशासक बसले होते. एक, एक, दहा आणि दोन, मिळून १४ संस्था. लोकांनी निवडलेलं सभागृह उरलं होतं ते फक्त तिवसा आणि भातकुली या दोन नगरपंचायतींत. सोळापैकी दोन.

आणि या काळात काम थांबलं होतं का? मुळीच नाही. २०२२-२३, २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ असे चार वार्षिक आराखडे झाले. बैठका झाल्या, मंजुऱ्या झाल्या, मार्चएंड झाले. त्या चार वर्षांत अमरावतीनं चार पालकमंत्री पाहिले : यशोमती ठाकूर, मग देवेंद्र फडणवीस, मग चंद्रकांत पाटील आणि आता आपण. फडणवीस साहेब तर तेव्हा एकाच वेळी सहा जिल्ह्यांचे पालक होते. आपण दोन जिल्ह्यांचे आहात, म्हणजे आमची परिस्थिती सुधारली आहे, आभारी आहोत. पण या आराखड्यांची कामं ठरताना त्या दहातल्या आठ खुर्च्यांवर कोण बसलं होतं, हे आम्हाला सांगाल का? नांदगाव खंडेश्वरचं पहिलं काम कोणतं, दुसरं कोणतं, हे तिथे कुणी मांडलं? कुणाच्या तोंडून?

निवडणुका लांबल्या त्याला ओबीसी आरक्षणाचा खटला होता, प्रभागरचना होती, न्यायालय होतं, हे सगळं मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं. आम्ही मतदान केलं २ डिसेंबरला. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता, तो लागला २१ डिसेंबरला. आमची मतं एकोणीस दिवस यंत्रांत बंद होती. असो, एवढी वर्षं आमचं मत बंदच होतं, त्यात एकोणीस दिवसांचं काय कौतुक?

कुणी म्हणेल, प्रशासक होते ना, कामं तर झाली. झाली. पण कोणती? तालुक्याची गावं नगरपंचायती करायच्या, असं राज्यानं २०१४ साली ठरवलं. ग्रामपंचायतीची पाटी उतरली, नगरपंचायतीची चढली. नगराला जे लागतं ते आलं : नगरोत्थान, दलितेतर वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण अशा योजना. नावं भारदस्त आहेत. त्यांतून बहुतेक गावांत काय निघतं तर सिमेंटचा रस्ता, नाली, पेव्हर ब्लॉक आणि वेशीवर कमान. वित्त आयोगाचा पैसा घ्या. पंधराव्या आयोगानं आमच्यासारख्या गावांच्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. ते योग्यच, पाणी कुणाला नको? उरलेल्या ४० टक्क्यांत दिवाबत्तीसकट बाकी सगळा संसार. या सगळ्या हेडांमध्ये ‘लोकांनी पोट कशावर भरायचं’ असा हेड मी चष्मा पुसून शोधला, सापडला नाही.

गंमत म्हणजे घटनेत तो आहे. चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. तिच्याबरोबर आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरांची अठरा कामं लिहिली आहेत. त्यातलं तिसरं आहे ‘आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन’. पंधरावं आहे कोंडवाडा. तीस वर्षांहून जास्त काळ झाला. कोंडवाडा म्हटलं की आमच्या गावातलं शेंबडं पोरगंही बोट दाखवेल. आर्थिक नियोजनाचा कारकून कोणत्या टेबलावर बसतो, हे मी तीन कार्यालयांत अर्ज देऊन विचारलं. कार्यालयांची नावं लिहीत नाही, तिघांचाही शिक्का सारखाच गोल आहे. पहिल्यानं अर्जावर ‘पोच’ मारली. दुसऱ्यानं सांगितलं, हा विषय आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी खरंच आपुलकीनं विचारलं, ‘काका, तुम्हाला दुकानासमोर रस्ता पाहिजे आहे का?’

त्या तिन्ही अर्जांच्या प्रती टाचणी लावून मी वहीच्या शेवटच्या पानाला जोडल्या आहेत. उधारीच म्हणायची.

आता समृद्धीचं बघा, कारण आमच्या तालुक्यानं विकासाला जे दिलं ते तिथे मोजता येतं. ७०१ किलोमीटरचा महामार्ग, त्यातले सुमारे ७३ किलोमीटर अमरावती जिल्ह्यातून, धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांमधून. प्रकल्पाची किंमत ५५,३३५ कोटी सांगितली गेली, म्हणजे किलोमीटरला सरासरी ७९ कोटी. शिवणी रसुलापूरला चढायला-उतरायला जागा दिली. रस्ता आखला जात होता तेव्हा कडेनं कृषी समृद्धी केंद्रं येतील, शीतगृहं येतील, माल जागेवर तयार होऊन बाहेर जाईल, असं सांगितलं होतं. ५ जून २०२५ ला रस्त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. केंद्रं अजून नकाशातच आहेत.

त्या रस्त्यावर आमची दुचाकी चालत नाही, ऑटो चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. चालतं ते पिकअप. त्याला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला ३ रुपये ३२ पैसे. दीडशे किलोमीटरला एका बाजूचे पाचशे. चार क्विंटल सांबार-पालक घेऊन जाणाऱ्यानं पाचशे टोल भरून काय घरी आणायचं? ज्यानं वावर दिलं त्याला त्या वावरावरून जाताना पैसे पडतात, आणि त्याच्या बंडीला तर चढायचीच मनाई.

विमानाचंही तेच. यवतमाळ रस्त्यावर बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान उडालं. आनंद आहे. पण मुंबईला विमानानं जायचंय म्हणून उधारी ठेवा, असं म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या वहीत अद्याप एकही नाही.

रस्ता वाईट, विमान वाईट, असं माझं म्हणणं नाही. म्हणणं क्रमाचं आहे. गाव पाहुण्याला आधी पाणी देतं, मग चहा, मग जेवण. आमच्या बाबतीत आधी कमान आली, जेवणाचा पत्ता नाही. हा क्रम उलटा का झाला, तर जेवायला बसणाऱ्याला कुणी विचारलंच नाही म्हणून.

विचारलं असतं तर आम्ही आकाशातला तारा मागितला नसता. तीनच गोष्टी सांगितल्या असत्या.

पहिली, आठवडी बाजार. वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात बाजाराच्या दिवशी पहाटे जाऊन बघा. बाई गोणपाट अंथरते, त्यावर वांगी, सांबार, मिरच्यांचा ढीग लावते. पहिली बोहनी व्हायच्या आत हर्रास घेतलेल्याचा माणूस पावतीपुस्तक घेऊन हजर. बाईकडे सावली नाही, ओटा नाही, मोरी नाही, पावती मात्र आहे. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. त्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा म्हटलंय, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या म्हटलंय, फेरीवाल्यांच्या समितीत किमान ४० टक्के विक्रेतेच असावेत म्हटलंय. हजार माणसांमागे पंचवीस पोटं. हा तालुक्याच्या गावातला सगळ्यात मोठा कारखाना आहे, त्याला भोंगा नाही म्हणून दिसत नाही. त्याला आधी छप्पर द्या.

दुसरी, शिवणीच्या चढ-उताराजवळ गोदाम, डाळमिल आणि जिनिंग, कास्तकारांच्या कंपन्यांना चालवायला मिळतील अशा पद्धतीनं. क्विंटलभर कापसात रुई निघते चौतीस-पस्तीस किलो, बाकी सरकी. कास्तकार ती सरकी कापसाबरोबर देऊन टाकतो, आणि उन्हाळ्यात बैलासाठी तिचीच ढेप विकत घेऊन घरी आणतो. एवढा सोपा तोटा कळायला सल्लागार कंपनी नेमावी लागत नाही.

तिसरी, त्या कंसातल्या पोरांची यादी. गावात किती पोरं, काय शिकली, काय येतं त्यांना. धनुर्विद्येत या गावाची पोरं देशभर नाव काढून आली. नेम धरता येणारी पोरं आहेत, त्यांच्यासमोर निशाण ठेवायचं काम सरकारचं होतं. १७ नगरसेवक, १७ प्रभाग, एका महिन्यात यादी होते. ती हातात नसताना आपण कुणासाठी आराखडा करता?

पापळ हे गाव आमच्याच तालुक्यात. २७ डिसेंबर १८९८ ला भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, तिथे जन्मले, आणि पुढे देशाचे कृषिमंत्री म्हणून दहा वर्षं बसले. निकालानंतर सहाच दिवसांनी त्यांची जयंती आली. हार पडले असतील. पण ज्या माणसानं कास्तकाराच्या पोराला शाळेत आणि कास्तकाराला दिल्लीत नेलं, त्याच्या तालुक्याला जिल्ह्याच्या बैठकीत खुर्ची नसावी, याची लाज कुणाला तरी वाटायला हवी. आम्हाला वाटते.

२०२२ पासूनचा सगळा दोष आपल्या पदरात टाकत नाही. आपण जानेवारी २०२५ मध्ये आलात. पण त्या समितीची किल्ली आज आपल्याकडे आहे आणि आता सबबही संपली आहे, आमचं सभागृह निवडून आलं आहे. तेव्हा एकच मागणं. पुढच्या वार्षिक आराखड्याच्या आधी आमच्या नगरपंचायतीला लेखी विचारा की तुमचं पहिलं काम कोणतं. सभागृहानं ते ग्रामस्थांसमोर बसून ठरवावं. आणि जिल्ह्यानं ते नाकारलं तर का नाकारलं, ते इतिवृत्तात लिहावं. निधी कमी मिळाला तर आम्ही समजून घेऊ, दुकानदाराला कमी माल आला तरी दुकान चालवता येतं. पण कोणता माल भरायचा हे गिऱ्हाईकाला न विचारता परस्पर ठरवणारं दुकान बुडतं, ते मी अडतीस वर्षांत पाहिलं आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख आणि वेळ कळवावी. त्या दिवशी दुकान बंद ठेवून, वही घेऊन मी अमरावतीला येईन. आत बसू दिलं नाही तर दारात बसेन.

आपला,
नांदगाव खंडेश्वर येथील एक किराणा दुकानदार

प्रत माहितीसाठी : नगराध्यक्ष व सर्व १७ सदस्य, नगरपंचायत, नांदगाव खंडेश्वर. आता आपणही उत्तर देणं लागता.