वाजवून बघू द्या, मग बोला!

उन्हाळा लागला की नागपुरात रस्त्याच्या कडेला माठांच्या राशी दिसू लागतात. आपण बायका तिथे काय करतो? माठ उचलतो, बोटाने टकटक वाजवतो, कान देतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर बाजूला. एका माठासाठी पाच माठ वाजवून पाहतो आणि माठवाली कुरकुर करत नाही. उलट तीच म्हणते, "घ्या बाई, वाजवून घ्या." इतवारीत साडी घेतानाही तेच. घडी उलगडायची, पदर खांद्यावर टाकून बघायचा, दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात रंग पाहायचा. तूर डाळ असो की तांदूळ, चार दाणे तळहातावर घेतल्याशिवाय आपला जीव मानत नाही.

मग पन्नास हजारांची वस्तू न वाजवता, न उलगडता, न चाखता कशी काय घ्यायची? हा प्रश्न मला पडला तो माझ्या भाचीमुळे.

भाची मानेवाड्याला राहते. संध्याकाळी मुलांच्या गाण्याच्या शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात भुलाबाईची गाणी गोळा करते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भात पोरीबाळी घरोघरी जी गाणी म्हणायच्या ना, तीच. साठी-सत्तरीच्या बायकांकडे जाऊन, कधी ओसरीवर तर कधी स्वयंपाकघरात बसून ती गाणी रेकॉर्ड करते. मग घरी कॉम्प्युटरवर त्याला पेटी, टाळ, ढोलकीची साथ जोडते. गाणाऱ्या आजीचा आवाज पुढे हवा, टाळ मागे हवेत, ढोलकीने शब्द गिळता कामा नयेत. प्रत्येक आवाज वेगळा ठेवून त्यांचा असा मेळ घालायचा, याला म्हणतात मिक्सिंग. त्यात मागचा पंख्याचा, कूलरचा घरघराट काढायचा. आता एप्रिल-मेमध्ये नागपुरात कोणत्या आजीला म्हणणार, "कूलर बंद करा आणि गा"?

या कामासाठी तिला एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर हवं होतं. किंमत रुपयांत ४६,००० च्या आसपास. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले ५४,२८०. शिवाय परदेशी चलनात पैसे भरायचे म्हणून बँक कार्डावर आपला आकार लावणार तो वेगळा. वापरून बघायची सोय नाही. अट स्वच्छ लिहिलेली : डाउनलोड झाल्यावर पैसे परत नाहीत. आणि वर लाल अक्षरांत उलटं धावणारं घड्याळ, "सवलत संपायला ९ तास उरले!"

घरात बैठक बसली. भाऊजी म्हणाले, "काहून पाहिजे एवढं महागाचं? ते पैसे ठेव, लग्नात कामी येतील." भाचा म्हणाला, "मी क्रॅक आणून देतो ना, फुकटात. पाहून घे." माझी ताई हळूच म्हणाली, "माझी भिशी लागली आहे, कमी पडले तर मी देते." आणि भाचीने मला फोन केला, "मावशी, तूच सांग. घेऊ की नको?"

माझं मत मी तेव्हा सांगितलं, तेच इथे सांगते. इथे प्रश्न दोन आहेत आणि आपल्या घरांमध्ये ते हटकून एकात एक मिसळतात. पहिला प्रश्न : या मुलीच्या कामावर एवढा खर्च करावा का? दुसरा : हा बंद डबा विकत घ्यावा का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि पहिल्यालाही तेच उत्तर चिकटवून मोकळे होतात. "बघ, आम्ही म्हणत नव्हतो?" झालं, पोरीचं काम तिथेच थांबतं.

म्हणून आधी पहिला प्रश्न. माझं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. मुलाला बाईक हवी असली की ती 'गरज' असते. मुलीला यंत्र हवं असलं की ती 'हौस' होते. गाणं गाणारी मुलगी आपल्याला चालते, कौतुकाची असते. गाण्याच्या मागचं यंत्र हाताळणारी मुलगी मात्र अजून डोळ्यांत खुपते. उषा खन्ना यांनी १९५९ मध्ये 'दिल देके देखो'ला संगीत दिलं, तेव्हा संगीतकाराच्या खुर्चीत बाई बसणं ही नवलाईच होती. आपल्या इंदूरच्या मराठी घरातली स्नेहा खानवलकर गावोगाव रेकॉर्डर घेऊन फिरली, तिथले आवाज गोळा केले आणि २०१२ च्या 'गँग्ज ऑफ वासेपूर'ची गाणी केली. भाचीने उषाताई किंवा स्नेहा व्हायलाच हवं असं नाही. पण ज्या आज्यांची गाणी ती टिपते आहे, त्या उद्या नसतील. हे काम खर्चाच्या लायकीचं नाही तर मग कोणतं?

आता दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर तितकंच स्पष्ट 'नाही'.

वाद्य घेताना काय करतात बघा. मिरजेचे तानपुरे देशभर जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण म्हणून कोणी गवई न वाजवता तानपुरा उचलतो का? तो कारागिरासमोर बसतो, तारा छेडतो, जवारी ऐकतो, हे नको ते दाखवा म्हणतो. नावाजलेलं गावसुद्धा त्याच्या कानाची जागा घेत नाही.

सॉफ्टवेअरचं तर याहून अवघड आहे. ते चांगलं असूनही तुमच्या घरी बिनकामाचं ठरू शकतं. भाचीचा लॅपटॉप जुना. त्यावर ते धावेल की धापा टाकेल? गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज किंचित उशिरा ऐकू येतो. कॉम्प्युटरवर ताण आला की आवाज तुटतो, म्हणून तो एका वेळी आवाजाचा किती मोठा घास घेणार तो आकडा वाढवावा लागतो. नेहमीच्या सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगला हा आकडा ५१२ ठेवला तर सुमारे १२ मिलिसेकंदांचा उशीर, १०२४ केला तर २३. इतक्यानेही गाणारीचा ताल डगमगतो. मग तिच्याकडच्या आधीच्या प्रोग्रामशी याचं जमेल का? विंडोजच्या पुढच्या आवृत्तीवर चालेल का? ही उत्तरं जाहिरातीत नसतात. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या गाण्यावर, स्वतःच्या कानांनीच ती मिळतात.

"यूट्यूबवर व्हिडिओ आहेत की!" असं भाचा म्हणालाच. आहेत ना. पण तो माणूस त्याच्या सुसज्ज स्टुडिओत, त्याच्या ताकदवान कॉम्प्युटरवर दाखवतो. दुसरीच्या अंगावर साडी छान दिसली म्हणून ती आपल्याला शोभेलच असं थोडंच आहे?

बरं, 'ट्रायल देणं परवडत नाही' हे तरी खरं का? रीपर नावाचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्णपणे वापरू देतात आणि घरगुती किंवा लहान व्यवसायासाठी त्याचा परवाना ६० डॉलरना मिळतो. एबलटन लाइव्ह ३० दिवस देतं. ॲपलच्या मॅकवर लॉजिक प्रो ९० दिवस वापरता येतं. एफएल स्टुडिओ हवे तितके दिवस हाताळा, फक्त साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. ऑडॅसिटी तर २००० सालापासून फुकटच आहे. कॉम्प्युटर गेम विकणारं 'स्टीम' हे मोठं ऑनलाइन दुकान २०१५ पासून सांगतं, घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागा. खेळण्याला ही मुभा, मग कामाच्या अवजाराला का नको? छोट्या कंपन्यांना चोरीची भीती असते, हे मान्य. पण त्या भीतीचा सगळा भुर्दंड प्रामाणिक गिऱ्हाइकाने का सोसायचा?

आता भाच्याचा 'क्रॅक'. घरोघरी आज हाच 'ट्रायल' चालतो, म्हणून जरा रोखठोक बोलते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-ब आहे. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यासोबत कोणता व्हायरस घरात येईल आणि वर्षभर जमवलेली गाणी एका रात्रीत गिळून बसेल, तेही सांगता येत नाही. तिचं काम उद्या जगासमोर यावं असं वाटत असेल, तर त्याचा पाया चोरीचा नको.

आणि ते धावणारं घड्याळ! ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ऑनलाइन खरेदीतल्या फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ युक्त्यांची यादी आहे आणि खोटी घाई निर्माण करणं ही त्यातलीच एक. 'आत्ताच घ्या, नाहीतर गेलं' असं कोणी म्हणालं की आपला हात पर्सवरून काढून घ्यावा. या सवलती सणासुदीला पुन्हा येतात. गेलेले ५४ हजार पुन्हा येत नाहीत.

कायद्याचा आधार किती, हेही समजून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत द्यावे लागतात. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे नागपूरकराला नागपुरात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्कही नाही. पण हे सगळं सदोष मालासाठी. 'माझ्या लॅपटॉपवर नीट चालत नाही' किंवा 'मनासारखा आवाज येत नाही' हा दोष ठरेलच असं नाही. त्यात विकणारा सातासमुद्रापार. म्हणून शहाणपण पैसे देण्याआधीच हवं.

शिवाय आपण विकत घेतो ते सॉफ्टवेअर नव्हे, वापरण्याचा परवाना. त्याच्या अटी कंपनी बदलू शकते. मार्च २०२३ मध्ये वेव्ज या प्रसिद्ध कंपनीने एकाएकी जाहीर केलं की यापुढे आपलं सॉफ्टवेअर एकरकमी मिळणार नाही, वर्गणी भरूनच वापरायचं. जगभरचे वापरणारे इतके चिडले की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की फरक पडतो, हेही त्यातून दिसलं.

भाचीलाही मी तेच म्हटलं, आधी पत्र लिही. तिने कंपनीला नम्र ई-मेल पाठवला : मी हे काम करते, माझ्याकडे असा कॉम्प्युटर आहे, १५ दिवस वापरू द्याल का? दोन ओळींचं उत्तर आलं, 'आम्ही ट्रायल देत नाही.' मग तिने ६० दिवसांचं ते दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, जोडीला ऑडॅसिटी. त्यात घरघराटाचा तुकडा नमुना म्हणून दाखवला की तसला आवाज सगळ्या गाण्यातून कमी करता येतो. तीन गाणी साफ केल्यावर तिच्या ध्यानात आलं, की घरघर फार काढायला गेलं तर आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. खरी गरज होती ती बऱ्या मायक्रोफोनची आणि तो गाणारीच्या तोंडाजवळ धरण्याची! ताईच्या भिशीतून आधी मायक्रोफोन आला. महागडं सॉफ्टवेअर पुढे लागेल तेव्हा लागेल, पण तेव्हा तिला नेमकं काय हवं हे ठाऊक असेल.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात कोणी शिवणकामाचं डिझाइन, हिशेब, फोटो, गाणं, कशाचंही महाग सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणेल तेव्हा चार गोष्टी विचारा. वापरून बघता येतं का? पैसे परत मिळण्याची अट काय? एकरकमी आहे की दरवर्षीची वर्गणी? आणि कॉम्प्युटर बदलला तर परवाना सोबत येतो का? अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.

हे चारही प्रश्न विकणाऱ्याला विचारायचे आहेत, पोरीला नव्हे. "कशाला हवंय तुला?" म्हणून तिची उलटतपासणी घेणं सोपं असतं, कारण ती समोर असते, आपली असते, गप्प बसते. विकणाऱ्याला प्रश्न विचारायला मात्र आपण बिचकतो. एकदा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि तो ई-मेल दोघी मिळून लिहा. बघा, तिला किती बळ येतं ते!