तिचं नाव काय?

थरारपटाच्या पहिल्या दहा मिनिटांत मढं पडलंच पाहिजे, असा म्हणे नियम आहे. मला तो माझ्या भाच्यानं सांगितला. बहिणीचा मुलगा. इंजिनिअर झाला, नोकरीला लागला आणि आता पटकथा लिहितोय. दिवाळीत बेळगावला आला तेव्हा त्यानं पानांचा गठ्ठाच माझ्या हातात ठेवला. "वाच मावशी. एकदम वेगळा थ्रिलर आहे. नेहमीसारखा नाही."

पहिला प्रसंग असा: धो धो पाऊस, बंद बंगला आणि न्हाणीघरात एका तरुणीचं प्रेत. वर्णन चांगलं दीड पान. केस कसे पसरलेत, हात कसा लोंबतोय, नखांचा रंग कोणता, सगळं होतं. नाव तेवढं नव्हतं. 'तरुणी, वय २४.'

"तिचं नाव काय रे?" मी विचारलं.

"नाव लागत नाही गं मावशी. ती पहिल्याच सीनला मरते की."

मला राग आला. पोरावर कमी, त्याला हे शिकवणाऱ्यांवर जास्त. कुठल्याशा शिकवणीत त्याला साचा मिळालाय. अमुक पानावर प्रेत, तमुक पानावर पहिला धक्का, मध्यावर दुसरा, शेवटी सगळ्यात मोठा. नवशिक्याला साच्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. करंजीलाही साचा लागतो. पण सारणच केलेलं नसेल तर साचा काय करणार? आणि दर दुसऱ्या मालिकेची सुरुवात बाईच्या प्रेतानं होत असेल, तर त्यात वेगळं ते काय राहिलं? माझं म्हणणं सरळ आहे. नाव नसलेलं प्रेत हा लेखकाचा आळस आहे, आणि त्या आळसापायी थरारच मरतो.

थरार कशानं होतो हे आल्फ्रेड हिचकॉकनं सांगून ठेवलंय. फ्रेंच दिग्दर्शक त्र्युफो यानं १९६२ साली त्याची लांबलचक मुलाखत घेतली, पुढे तिचं पुस्तक झालं. त्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटतो. बघणारा पंधरा सेकंद दचकतो, संपलं. पण बॉम्ब ठेवताना आपण पाहिलाय, तो एक वाजता फुटणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय, असं असेल तर? त्याच रटाळ गप्पा आपण पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. उठा की आता, असं ओरडावंसं वाटतं. बॉम्ब तोच, माणसं तीच. फरक एवढाच, की कुणाला काय माहीत आहे.

भाच्याच्या शिकवणीत हे सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. पण मग त्याच्या पानांत ते कुठं होतं? मी त्याला वहीत चार रकाने आखायला लावले. पहिल्यात प्रसंग. दुसऱ्यात, या घडीला प्रेक्षकाला काय माहीत. तिसऱ्यात, नायकाला काय माहीत. चौथ्यात, समोरच्याला काय माहीत. बारा प्रसंग भरल्यावर त्याच्याच लक्षात आलं, की दुसरा आणि तिसरा रकाना शब्दशः सारखेच आहेत. नायकाला कळतं तेव्हाच आपल्याला कळतं, आधी नाही, नंतर नाही. मग ताण कुठून येणार? नुसते धक्केच येणार. आणि धक्का एकदाच बसतो. दुसऱ्यांदा बघताना त्याचा भुगा होतो.

दुसरी गोष्ट आखणीची. रहस्यकथा शेवटाकडून मागे आखावी लागते, हे पोरगं मला फार गूढ विद्या सांगावी तसं सांगत होतं. मला हसू आलं. आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. दिवाळीत बेळगावला सहाच्या सुमाराला सूर्य जातो. म्हणजे साडेपाचला पानं वाढायची, त्याआधी अर्धा तास भाकरी, त्याआधी आमटी, आणि आमटीची डाळ कधी शिजायला टाकायची हे दुपारीच ठरलेलं. तीस वर्षं मी रोज शेवटाकडून मागे येतेय. अशी आखणी करणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांचं डोकं या सिनेमांत कुठंच कसं दिसत नाही? दिसतं ते फक्त प्रेत?

ज्यांनी हे डोकं वापरलं त्यांचे सिनेमे टिकले, हे दाखवायला दोन उदाहरणं देते. पाहिले नसतील त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालतील, कारण मी गुपितं फोडणार आहे.

हिचकॉकचा 'रिअर विंडो' १९५४ सालचा. पाय प्लास्टरमध्ये घालून घरात बसलेला फोटोग्राफर खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडांकडे बघत असतो. एका घरातली आजारी बायको एकाएकी दिसेनाशी होते. त्याला नवऱ्याचा संशय येतो. पूर्ण सिनेमात खून पडद्यावर दिसतच नाही, रक्ताचा थेंब नाही. तरी अंगावर काटा येतो. संशयाला वजन कुणामुळे येतं? फोटोग्राफरची मैत्रीण लीझा म्हणते, बाई गावाला गेली आणि तिची आवडती हँडबॅग घरीच राहिली? दागिने असे पर्समध्ये कोंबलेले? असं कुठली बाई करत नाही. पोलीस मित्र ते बायकी तर्क म्हणून उडवून लावतो. शेवटी खरी ठरते तीच. मूळ कथा कॉर्नेल वूलरिचची, १९४२ ची. तिच्यात लीझा नाही. पटकथा लिहिताना जॉन मायकेल हेझनं तिला आणली. म्हणजे पटकथाकारानं काय केलं, तर प्रेत वाढवलं नाही, बायकांना जे ठाऊक असतं ते जाणणारी एक बाई आणली. आणि तीच लीझा समोरच्या घरात शिरते, तिथं तो नवरा परत येतो, तेव्हा आपला नायक खिडकीत बसून नुसता तडफडतो. सगळं दिसतंय आणि उठता येत नाही. टेबलाखालचा बॉम्ब तो हाच.

दुसरं उदाहरण जवळचं. जीतू जोसेफ यांचा मल्याळी 'दृश्यम' २०१३ चा. २०१५ साली निशिकांत कामत या आपल्या मराठी दिग्दर्शकानं तो हिंदीत केला तेव्हा गोष्ट गोव्यात आणली. केबलवाला विजय साळगावकर, चौथी नापास, सिनेमे बघून शहाणा झालेला. मुलीच्या हातून एक पोरगा मरतो, हे आपल्या डोळ्यांदेखत घडतं. कुणी मारलं हे गुपित पहिल्यांदाच खर्ची टाकलं. किती धाडस आहे बघा! मग उरतं काय? २ आणि ३ ऑक्टोबरला आम्ही पणजीला सत्संगाला गेलो होतो, हे घरातल्या चौघांनी न अडखळता म्हणणं. प्रवास खरा, तारीख खोटी. आणि तो सगळा डोलारा कुणाच्या जिभेवर उभा, तर धाकट्या पोरीच्या. चौकशीत तिच्यासमोर पोलीस बसतो तेव्हा बॉम्ब तिच्या तोंडात असतो.

शिवाय समोरची पोलीस अधिकारी ही त्या मेलेल्या मुलाची आई. तिचा संशय खरा आहे, तिचं दुःखही खरं आहे. विरोधक असा लिहायला हिंमत लागते. आपल्या बाजूच्या माणसानं सुटावं असंही वाटतं आणि त्या आईला तिचा मुलगा निदान कळावा असंही वाटतं. माझी तक्रार इथंही एक आहेच. निस्तरायला लागलेल्या आई आणि मुलीची हिंमत शेवटी नवऱ्याच्या हुशारीखाली झाकली जाते. तरी त्या दोघींना नावं आहेत, भीती आहे, घर आहे. माझ्या भाच्याच्या तरुणीला यातलं काहीच नव्हतं.

एवढं बोलल्यावर भाच्यानं हुकमी पान टाकलं. "आणि 'सायको'? त्यात बाईच मरते की, न्हाणीघरातच!"

बरं झालं विचारलंस, म्हटलं. १९६० चा 'सायको' बघणाऱ्याला न्हाणीघर आठवतं, त्याआधीचं आठवत नाही. मॅरियनला नाव आहे, नोकरी आहे, कर्जात बुडालेला प्रियकर आहे. मालकाकडे आलेले चाळीस हजार डॉलर घेऊन ती पळालीय. जवळजवळ अर्धा सिनेमा आपण तिच्याबरोबर गाडीत बसून घाबरतो. आणि पैसे परत करायचं तिनं मनाशी ठरवलंय, मगच ती न्हाणीघरात जाते. पश्चात्ताप झालेलं माणूस मरतं, म्हणून तो घाव बसतो. हिचकॉकनं आधी माणूस केलं, मग मारलं. तू आधी मारलंस, आणि माणूस करायचं राहूनच गेलं.

"पण आता प्रेक्षकाला धीर नसतो मावशी. दहा मिनिटांत काही घडलं नाही तर पुढचं लावतात." ही सबब मी फार ऐकलीय. काही घडायला हवं, मान्य. पण घडणं म्हणजे मरणंच का? १९९९ साली चंद्रकांत कुलकर्णींनी मराठीत 'बिनधास्त' केला. रहस्यपट, आणि भूमिका सगळ्या बायकांच्या. असलं कोण बघणार, असं म्हणून ते थांबले असते तर? तो लोकांनी बघितला, आणि पुढच्याच वर्षी प्रियदर्शननं तो तमिळमध्ये केला. प्रेक्षकाला धीर नाही असं म्हणणाऱ्यानं आधी आपला धीर तपासावा. चार रकाने भरायचा कंटाळा आला, की प्रेत टाकायचं!

मी जैन आहे म्हणून सिनेमात खूनच नको असं म्हणेन, असं भाच्याला वाटलं होतं. तसं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे हिंसेची व्याख्या करताना तत्त्वार्थसूत्र आधी बोट ठेवतं ते प्रमादावर. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफिली. पाय कुठं पडतोय हे न बघता टाकलेलं पाऊल. लहानपणी दशलक्षणात पंडितजी हे सांगायचे तेव्हा मला ते मुंग्यांपुरतं वाटायचं. त्या दीड पानाचं वर्णन वाचताना मला त्याचा अर्थ लागला. नखांचा रंग लिहायला ज्याला वेळ आहे आणि नाव द्यायला नाही, त्याचं पाऊल कुणावर तरी पडलंय. आणि रोज रात्री असली बिननावाची प्रेतं बघत आपण दिवाणखान्यात शेंगा फोडत बसतो, तेव्हा आपलंही पाऊल पडतंच की.

महिन्यानं भाच्याचा फोन आला. तरुणीचं नाव सुनंदा ठेवलंय म्हणाला. ती हिशेबनीस आहे, आणि मालकाच्या वहीत तिला एक नोंद सापडलीय. मालकाला अजून ठाऊक नाही की तिला ती सापडलीय. प्रेक्षकाला ठाऊक आहे. "पण मावशी, एक पंचाईत झालीय. सतरावं पान आलं तरी ती मरेना."

पुढची पानं पाठव म्हटलं. वाचते.